ठिणगी विझते, दुखणे मागून येते
घरच्या घरी वेल्डिंग करणाऱ्यांसाठी चार गोष्टी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास अंबरनाथमधल्या आमच्या घराची बेल वाजली. दार उघडले तर पलीकडच्या सोसायटीतला एक तरुण दोन्ही डोळ्यांवर ओला नॅपकिन धरून उभा. आईने त्याचा दंड धरलेला. तिच्या मागे त्याचा अकरा-बारा वर्षांचा धाकटा भाऊ, तोही डोळे चोळत रडत होता.

"डॉक्टरकाका, डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं वाटतंय. उघडतच नाहीत. मी आंधळा तर होणार नाही ना?"

मी त्याला आत बसवले, खोलीतला मोठा दिवा बंद केला आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, आज वेल्डिंग केलंस का?"

"केलं, पण ते दुपारी. चार वाजताच मशीन बंद केलं. तेव्हा तर काहीच झालं नव्हतं."

वाचकहो, 'तेव्हा तर काहीच झालं नव्हतं' हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण आजचा सगळा लेख त्या एका वाक्यावर आहे. तव्याला हात लागला तर तत्क्षणी चटका बसतो आणि आपण हात मागे घेतो. वेल्डिंगचे तसे नाही. त्याचे बरेचसे अपाय काम चालू असताना जाणवतच नाहीत. ते चार तासांनी, रात्री, कधी दुसऱ्या दिवशी उमटतात. 'त्रास झाला तर थांबू' हा आपला नेहमीचा हिशेब इथे उपयोगाचा नाही. काळजी आधीच घ्यावी लागते.

हा छंद आला कुठून?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा आपला पट्टा लोखंडाशी जुनी ओळख असलेला. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, तिन्ही गावांच्या आसपास एमआयडीसी आणि लहानमोठे कारखाने, शिवाय गल्लोगल्ली ग्रिल-गेट करणारी दुकाने. घरात कुणीतरी टर्नर, फिटर किंवा वेल्डर असतोच. त्यातून जुन्या मोटारसायकलींचे वेड. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या निघत, तो कारखाना १९९६ साली बंद पडला. मी नवा डॉक्टर असताना अशाच एका येझदीवरून व्हिजिटला जात असे. त्यामुळे या मुलांची हौस मला समजते. अशा गाडीचा मोडलेला स्टँड, कुजलेला मडगार्ड किंवा फाटलेला सायलेन्सर बहुधा जोडूनच चालवावा लागतो.

पूर्वी त्यासाठी गाडी वेल्डरकडे न्यावी लागे. आता घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालणारी लहान इन्व्हर्टर मशीन सहज मिळतात. मशीनसोबत होल्डर, अर्थिंगचा चिमटा आणि एक हाताने धरायची काच येते. आयटीआयमध्ये जे शिकायला वर्ष लागते ते मुले शेजाऱ्याकडे बघून एका रविवारी सुरू करतात. छंद चांगला आहे, तो सोडा असे मी म्हणणार नाही. पण कारखान्यातल्या वेल्डरला जे नियम शिकवले जातात ते घरच्या वेल्डरला कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

डोळ्यांत वाळू

रॉड लोखंडाला टेकून थोडा उचलला की जी झगझगीत ज्योत पेटते, तिच्यातून दिसणाऱ्या उजेडाबरोबर न दिसणारे अतिनील किरणही बाहेर पडतात. ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे बुबुळावरच्या कॉर्नियात, शोषले जातात आणि त्याचा वरचा नाजूक थर भाजतो. बर्फावरच्या उन्हाने हिमालयात गिर्यारोहकांना व जवानांना जे हिमांधत्व येते ते हेच. भाजलेल्या पेशी लगेच गळत नाहीत, त्यांना काही तास लागतात. म्हणून दुपारी लागलेले वेल्डिंग रात्री जागे करते. साधारण सहा ते बारा तासांनी डोळे खुपू लागतात, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही, पापण्या आवळून बसतात.

माझ्या त्या तरुणाकडे काच होती. पण नुसता टाका मारायचा असेल तेव्हा तो काच बाजूला ठेवून मान वळवत असे. असे पंचवीस-तीस टाके झाले. एकेक टाका क्षणाचा असला तरी डोळा सगळ्यांची बेरीज करतो. धाकट्या भावाने मडगार्डची पट्टी धरली होती. "मी त्याला सांगितलं होतं, बघू नकोस म्हणून," मोठा म्हणाला. पोर बघतही नव्हते, पण अतिनील किरण बाजूनेही डोळ्यांत शिरतात आणि पार्किंगच्या पांढऱ्या भिंतीवरून परतूनही येतात. मदतीला धरलेले मूल, बघत उभी राहिलेली शेजारची मुले, चहा घेऊन आलेली आई, यांच्यापैकी कुणाच्याच हातात काच नसते. करणाऱ्याइतकाच धोका बघणाऱ्याला असतो.

खिशातली बाटली

त्या रात्री मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तरुणाने खिशातून एक लहान बाटली काढली. वर्कशॉपमधल्या मित्राने दिलेली. "हे दोन थेंब टाकले की पाच मिनिटांत दुखणं थांबतं. चार वेळा टाकलं, पण परत दुखतं. आणखी टाकू का?"

ते डोळा बधिर करणारे थेंब होते. तपासणीच्या वेळी डॉक्टर ते एखाद्या वेळी वापरतात, कारण त्याशिवाय डोळा उघडतच नाही. पण ते घरी वारंवार टाकले तर कॉर्नियाची जखम भरून येणे थांबते. शिवाय डोळा बधिर असल्याने कचरा गेला, चोळला गेला तरी कळत नाही. दोन दिवसांत आपोआप बरे होणारे दुखणे मग जखम चिघळून, फूल पडून, कायमची दृष्टी जाण्यापर्यंत पोहोचू शकते. ती बाटली मी ठेवून घेतली.

तीच गोष्ट दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांची. लाली झटकन कमी होते, म्हणून ते चांगले वाटतात. पण डोळ्यात जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर तो त्यांच्या आडोशाने वाढतो. बटाट्याच्या चकत्या, कच्चे दूध, अंगावरचे दूध, मध हेही डोळ्यात घालू नये. भाजलेल्या जागेवर जंतूंना आमंत्रण कशाला द्यायचे?

मग करायचे काय? काँटॅक्ट लेन्स असतील तर काढाव्यात. डोळे मिटून अंधाऱ्या खोलीत पडावे. स्वच्छ कापडाची गार पाण्याची घडी मिटलेल्या पापण्यांवर ठेवावी. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. डोळे अजिबात चोळू नयेत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ते डोळ्याला ओलावा देणारे थेंब आणि गरज वाटल्यास मलम देतील. बहुतेकांना २४ ते ४८ तासांत पूर्ण आराम पडतो.

मात्र पुढील लक्षणे असतील तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे: एकाच डोळ्यात खुपत असेल, दोन दिवसांनी दुखणे वाढत असेल, पू येत असेल किंवा नजर अंधुक झाली असेल. ज्योतीकडे टक लावून पाहिल्यानंतर नजरेच्या मधोमध काळा डाग दिसत असेल तर ती इजा आतल्या पडद्याची असू शकते. कॉर्निया भरून येतो, आतला पडदा तसा भरून येईलच असे नाही.

कण गेला तर

डोळ्याला दुसरा धोका कणांचा. वेल्डिंग झाल्यावर वरची कीट हातोडीने उडवतात, मग ग्राइंडर मारतात. काम संपले म्हणून नेमकी त्याच वेळी काच बाजूला ठेवलेली असते आणि तापलेला कण डोळ्यात जातो. लोखंडाचा कण कॉर्नियात रुतला तर एका दिवसात त्याच्याभोवती गंजाचे कडे धरते. रुमालाच्या टोकाने, काडीने किंवा 'चांगला कण काढतो' अशी ख्याती असलेल्या माणसाकडून तो काढून घेऊ नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. तरी राहिला तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. हातोडी मारताना काहीतरी सणकन डोळ्यात गेले आणि नजर कमी झाली, तर डोळा धुऊ किंवा दाबूही नये. वर नुसते कडक झाकण धरून तडक रुग्णालय गाठावे. कण डोळ्याच्या आत शिरलेला असू शकतो. अशा माणसाचा पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता हे आधी सांगावे.

रात्री हुडहुडी भरली तर

आता धुराकडे वळू. जीआय पत्रा, जीआय पाइप किंवा जस्ताचा मुलामा दिलेले नटबोल्ट यांवर वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की चार ते दहा तासांनी तोंडाला गोडसर धातूची चव, घसा कोरडा, खोकला, मग थंडी वाजून ताप आणि अंग मोडून येणे, असा प्रकार होतो. याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात. पितळ ओतणाऱ्या कामगारांमध्ये तो एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. तो एक-दोन दिवसांत उतरतो.

आपल्या भागात यातून वेगळीच अडचण होते. पावसाळ्यात थंडी-ताप म्हटला की मलेरिया किंवा डेंग्यू डोळ्यांपुढे येतो आणि ते योग्यच आहे. रक्ताची तपासणी करून घ्यावीच. पण डॉक्टरांना 'काल वेल्डिंग केलं होतं' हे आपणहून सांगावे. कारण यासारखाच दिसणारा एक घातक प्रकार आहे. जुन्या गाड्यांच्या काही नटबोल्टांवर कॅडमियम या धातूचा मुलामा असे. त्याचा धूर पहिल्या दिवशी साध्या तापासारखाच वाटतो, पण पुढच्या एक-दोन दिवसांत फुप्फुसांना सूज येऊन जीवावर बेतू शकते. पिवळसर झाक असलेला बोल्ट जस्ताचा की कॅडमियमचा हे नुसते बघून ओळखता येत नाही. म्हणून मुलाम्याचा बोल्ट तापवू नये, तो कापून किंवा उघडून काढावा. तापाबरोबर दम लागत असेल, छातीत आवळत असेल तर घरी थांबू नये.

क्रोमचा मुलामा असलेला सायलेन्सर किंवा हँडल आणि स्टेनलेस स्टील यांच्या धुरात क्रोमियमचे विषारी रूप असते. जुन्या रंगात शिसे असू शकते. वेल्डिंगच्या धुराने कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली निश्चित केले. वर्षातून चार रविवार वेल्डिंग करणाऱ्याने घाबरून जाऊ नये. पण ज्यांचे पोटच या कामावर आहे त्यांनी हे मनावर घ्यावे.

दूध प्यायले, गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, असा समज आहे. दूध-गूळ अन्न म्हणून चांगले, पण ते पोटात जातात आणि धूर फुप्फुसात जातो. खरा उपाय मोकळी हवा हाच. काम उघड्यावर करावे, धुराच्या वरती तोंड नेऊ नये आणि पंखा बाजूने लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही. एन-९५ मास्क धुरातले कण बऱ्याच अंशी अडवतो, वायू अडवत नाही.

वायूंबद्दल एक सूचना ठळक अक्षरांत वाचावी. तेलकट भाग साफ करण्यासाठी मिळणाऱ्या काही स्प्रेमध्ये आणि द्रावणांत क्लोरीनची संयुगे असतात. अशा द्रावणाने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केले तर उष्णता आणि अतिनील किरण यांमुळे फॉसजीन हा वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेलेला हाच वायू. तोही लगेच फारसा जाणवत नाही. कित्येक तासांनी फुप्फुसांत पाणी भरते. जोडायचा भाग साबणाच्या पाण्याने धुवावा, वायर ब्रशने घासावा आणि कोरडा करावा.

ज्यात दुसरी संधी नाही

वर सांगितलेली दुखणी उशिरा येतात. दोन अपघात मात्र क्षणात होतात.

पहिला पेट्रोलच्या टाकीचा. 'टाकी कधीची रिकामी आहे' हे कारण कुणी सांगू नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी ते पेट घेते. पत्र्याच्या सांध्यात आणि गंजात मुरलेले पेट्रोल पाण्याने धुऊनही राहते आणि तापले की पुन्हा वाफ होते. टाकी घरी वेल्ड करू नये, ते काम नेहमी करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे द्यावी. गाडीच्या दुसऱ्या भागावर काम असले तरी टाकी, बॅटरी आणि रबरी नळ्या आधी उतरवून लांब ठेवाव्यात. शॉक ॲब्झॉर्बरसारखा बंद भागही तापवू नये, तो आतल्या दाबाने फुटतो.

दुसरा अपघात विजेचा. होल्डरला रॉड लावून नुसते धरले असता साधारण ५० ते ८० व्होल्टचा दाब असतो. कोरड्या हातमोज्यात तो जाणवत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा, घामाने भिजलेला बनियन, ओली फरशी आणि पायात स्लिपर असेल तर तोच दाब जीव घेऊ शकतो. घरात बसवलेला आरसीसीबी मशीनकडे येणाऱ्या वायरीतल्या गळतीपासून वाचवतो. होल्डरच्या बाजूचा धक्का तो ओळखत नाही. ओल्या जागी वेल्डिंग करायचेच नाही, एवढाच नियम पाळावा. कुणी चिकटला तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा, मग १०८ ला फोन करावा. श्वास आणि नाडी बंद असेल तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मशीनजवळ थांबू नये.

भाजले तर ती जागा वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते आठवावे आणि डॉक्टरांना सांगावे. चेहरा, हाताचा पंजा किंवा मोठा भाग भाजला असेल तर रुग्णालयात जावे.

कामाला बसण्याआधी

१. साध्या ज्योतीच्या वेल्डिंगला दहा किंवा अकरा नंबरची काळी काच असावी. गॅस वेल्डिंगचा गॉगल, उन्हाचा चष्मा, जुनी एक्स-रे फिल्म चालणार नाही. तडा गेलेली काच फेकून द्यावी.

२. डोक्यावर बसणारी काच घ्यावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि टाका मारतानाही ती बाजूला ठेवण्याचा मोह होत नाही.

३. कीट उडवताना आणि ग्राइंडर मारताना बाजूने बंद असलेला पारदर्शक गॉगल घालावा.

४. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट आणि जीन्स घालावी. जीन्स उल्हासनगरात घरोघर शिवली जाते, त्यामुळे ती अडचण नाही. फक्त खाली दुमडलेली नसावी, दुमडीत ठिणगी अडकते. नायलॉनची ट्रॅकपँट वितळून कातडीला चिकटते. चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट घालावेत.

५. कामाभोवती जाड कापडाचा किंवा पत्र्याचा आडोसा करावा. मुलांना जवळ थांबू देऊ नये. भाग धरायला माणूस न घेता शिकंजा वापरावा.

६. जवळ वाळूची बादली ठेवावी. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे. चिंधीत पडलेली ठिणगीही उशिराच पेटते.

त्या दोघा भावांना मी सकाळी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दोघांच्याही कॉर्नियावर बारीक बारीक भाजल्याचे ठिपके होते. धाकट्याचे डोळे दुसऱ्या दिवशी उघडले. मोठ्याला, थेंबांमुळे असेल, चार दिवस लागले. दोघांची नजर शाबूत आहे.

महिन्याभराने तो तरुण ती गाडी घेऊन दवाखान्यासमोर आला. मी मडगार्डचा जोड पाहिला. फार देखणा नव्हता, पण पक्का होता. टाकी त्याने उल्हासनगरच्या एका कारागिराकडून करून घेतली होती. पट्टी धरायला यावेळी शिकंजा आणला होता. "आणि धाकटा?" मी विचारले. "त्याला वरच्या गॅलरीत बसवलं होतं, डॉक्टरकाका. खाली आला तो रंग लावायला."

ज्यांच्या घरी असे मशीन आहे त्यांनी येत्या रविवारी ते सुरू करण्याआधी एकदा काच तपासून पाहावी आणि घरातल्या औषधांच्या डब्यात डोळा बधिर करणाऱ्या थेंबांची बाटली असेल तर ती काढून टाकावी.